डावीकडे बसणारे काका

काकूंची सोलकढी फुटायची ती एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे काका. नारळाचं दूध काढून, त्यात कोकमाचं आगळ घालून काकू पातेलं ढवळत असायच्या, तेवढ्यात काका येऊन त्यांच्या डाव्या हाताला उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. हात पाठीमागे, ओठ मिटलेले, नजर पातेल्यात. थोड्याच वेळात दूध एकीकडे आणि पाणी एकीकडे. "झालं समाधान? आता बाहेर जावा," असं काकू म्हणायच्या आणि काका निमूट बाहेर येऊन घरात आणखी कोण काय करतंय ते शोधायला लागायचे.

घरात आणखी म्हणजे मीच. मुलुंड पूर्वेला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी पेइंग गेस्ट होते. आईवडील चिपळूणला, नोकरी अंधेरीला, आणि मला परवडेल अशी मुंबईतली एकमेव खोली काकांकडची. पहिल्याच दिवशी मी बॅगेचं कुलूप उघडत होते आणि काका डावीकडे येऊन उभे राहिले. कुलूप माझं, किल्ली माझी, रोजची सवय, तरी ते उघडेना. काका म्हणाले, "सावकाश. मला घाई नाही." मग तर ते अजिबातच उघडेना. शेवटी काका पाणी प्यायला आत गेले तेव्हा एका फटक्यात उघडलं.

काकांची सगळी नोकरी आरटीओ इन्स्पेक्टर म्हणून ड्रायव्हिंगची परीक्षा घेण्यात गेली होती. शिकाऊ माणसाच्या डावीकडे बसायचं आणि बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा सरकारने त्यांच्याकडून खुर्ची, शिक्का आणि टेबल परत घेतलं, पण बघणं घ्यायचं राहून गेलं. ते काका घरी घेऊन आले.

"मी काहीच करत नसे गं," ते सांगायचे. "मी नुसता बसायचो. बाकीचं सगळं समोरचा माणूस स्वतःच करायचा."

मग ते एकेक किस्से काढायचे. एक गृहस्थ म्हणे काकांना बघून इतके गडबडले की गाडी सुरू करण्याआधी त्यांनी डॅशबोर्डला नमस्कार केला, मग काकांना केला, मग बाहेर उभ्या असलेल्या शिपायाला केला, आणि या नमस्कारांच्या गडबडीत गाडी मागे मागे जात खांबाला टेकली. एका पैलवानाला गिअर सापडेना म्हणून रडू फुटलं. एका बाईंनी आठाचा आकडा इतका सुरेख काढला की काका मनातून खूश झाले, तर बाई चालत्या गाडीचं दार उघडून उतरल्या आणि पर्स खांद्याला लावून चालायला लागल्या. गाडीत काका एकटे आणि गाडी आपली चाललेली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मी परीक्षक. परीक्षकाने स्टिअरिंगला हात लावायचा नसतो."

गाडी शेवटी मेंदीच्या कुंपणात जाऊन थांबली. काका उतरले, धूळ झटकली आणि म्हणाले, "पुढचे कोण?"

स्वतः काका गाडी चालवत नसत. लायसन्स होतं, अगदी कोरं करकरीत. मी विचारलं तर म्हणाले, "चालवेन की. डावीकडे कोण बसणार ते आधी ठरू दे." आतून काकू म्हणाल्या, "मी बसते." त्यावर काका हळूच मला म्हणाले, "म्हणून नाय चालवत."

त्यांच्या बघण्यात दुष्टावा मुळीच नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. उलट त्यांना माणसांचं मनापासून कौतुक होतं. पण त्या कौतुकाने इस्त्रीवाल्याने स्वतःचाच टॉवेल जाळला, वॉचमनने डाव्या हाताने सलाम ठोकला, आणि आमच्याकडच्या सत्यनारायणाला गुरुजी तिसरा अध्याय दोनदा वाचून गेले. चौथा वाचलाच नाही. काका गुरुजींच्या डावीकडे पाटावर बसले होते.

या सगळ्यावरून काकांनी एक सिद्धांत काढला होता. काम सगळ्यांना येतं, बघणारा आला की जातं. त्यामुळे शिकवायचं तर काम शिकवू नये, बघणाऱ्याची सवय शिकवावी. आयुष्यभर हा सिद्धांत त्यांच्याजवळ नुसता पडून होता, कारण परीक्षकाला शिकवायची परवानगी नसते. मग मी गोल्फची काठी घेऊन घरी आले.

मी का आले, ते सांगते. माझी कंपनी बाथरूमचे नळ आणि शॉवर बनवायची आणि मी ते बिल्डरांना विकायचे. आमच्याकडे दिल्लीहून नवे हेड आले. त्यांचं म्हणणं होतं की मोठी ऑर्डर ऑफिसात मिळत नाही, गोल्फच्या मैदानावर मिळते. कांदिवलीला टॉवर बांधणारे एक शेठजी गोल्फचे वेडे होते, म्हणून कंपनीने त्यांच्यासाठी वर्षातून एकदा गोल्फ डे ठरवला. आणि त्याच सुमारास कंपनीला कळलं की मुंबईत बिल्डर सांभाळायला दोन माणसं जास्त होतात, एक पुरे. दुसऱ्याची गरज इंदूरला होती. दोन माणसं म्हणजे मी आणि समीर. हेडनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "देखो, गोल्फ डे को शेठजी का मूड अच्छा रहना चाहिए. तुम दोनों कैसे खेलते हो, उस पर डिसाइड करेंगे."

मला इंदूरला जायचं नव्हतं. इंदूरबद्दल माझी काही तक्रार नाही, लोक सांगतात पोहे छान मिळतात. पण मुंबईत यायला मी घरी दोन वर्षं भांडले होते, आणि आता कुठे मला सोलकढी न फोडता ढवळता यायला लागली होती.

कंपनीने आम्हाला एक तरुण कोच लावून दिला. मारायला मी चटकन शिकले. विशेषतः पटिंग, म्हणजे हिरवळीवरून बॉल हळूच ढकलून भोकात घालायचा, ते मला एकटीला झकास जमायचं. कोणी बघायला आलं की मात्र वाट लागायची. हेड एकदा सरावाला आले आणि मी मारलं तेव्हा बॉल जागेवर राहिला, काठी पुढे गेली. कोच म्हणाला, हा खेळ डोक्यात खेळतात, डोळे मिटा आणि एक शांत तळं बघा. मी डोळे मिटले तर मला पवईचा तलाव दिसला, आणि पवई म्हटल्यावर तिथलं ट्रॅफिक दिसलं, आणि ट्रॅफिक म्हटल्यावर मला ऑफिसला उशीर झाला असं वाटून मी डोळे उघडून घड्याळ बघितलं.

हे सगळं मी एका संध्याकाळी काकूंना सांगत होते. काका बाजूला पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली.

"बॉल हलतो का?"

"नाही काका. तो जागेवरच असतो. आपण मारायचा."

"समोरून दुसरा बॉल येतो?"

"नाही."

"मधे म्हैस, रिक्षा, काय आडवं जातं?"

"काहीच नाही."

"मग तू घाबारतंस कित्याक गो?" काका खूश झाले की मालवणीवर येत. "बॉल तुका खाता काय?"

"लोक बघतात ना."

काकांचा चेहरा उजळला, म्हणजे अक्षरशः उजळला. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांच्या विषयाचं बोललं होतं. काकू म्हणाल्या, "पोरी, काय केलंस हे. आता तुला सोडायचे नाहीत." पण काका तोवर प्लास्टिकची खुर्ची उचलून पॅसेजमध्ये निघाले होते.

आमच्या मजल्याचा पॅसेज लांब होता आणि फरशी पाणी जावं म्हणून एका अंगाला उतरती होती. टोकाला काकांनी स्टीलचा पेला आडवा ठेवला. मी मधे उभी आणि काका डावीकडे खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. पहिल्या संध्याकाळी माझा एकही बॉल पेल्याच्या आसपास फिरकला नाही. एक तर जिन्यावरून उड्या मारत तळमजल्यावर गेला.

काका उपदेश करत नसत. त्यांना येत होते तेवढे शब्द ड्रायव्हिंगचे होते आणि तेच त्यांनी गोल्फला लावले. मी काठी घाईने खेचली की म्हणायचे, "क्लच हळू सोड." मारायच्या आधी माझी बोटं काठीवर पांढरी पडलेली दिसली की, "हँडब्रेक काढलाच नाहीस तू." बॉल भलतीकडे गेला की काही न बोलता आकाशाकडे बघायचे. वर आकाश नव्हतं, दुसऱ्या कोणाच्या घराची स्लॅब होती.

कोचला मी हे सांगितलं तेव्हा तो जरा दुखावला. त्याने मला श्वास मोजायला सांगितलं होतं. काकांना ते पटलं नाही. "श्वास आपोआप येतो. त्यात तू लुडबुड कशाला करतेस?"

आठवडाभरात मी काकांना निर्ढावले. ते डावीकडे बसले तरी माझा बॉल पेल्यात जायला लागला. मला आनंद झाला, काका मात्र चिंतेत पडले. "ही माझ्याच सवयीची झाली," असं ते काकूंना म्हणाले. "हिला मोठा दाब पाहिजे."

त्या रविवारी सकाळी काकांनी जो दाब शोधून काढला, त्याची आठवण आजही आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी काढतंच. पाण्याच्या पंपाची किल्ली काकांकडे असायची, कारण इतका काटेकोर माणूस बिल्डिंगमध्ये दुसरा नव्हता. रोज ठरल्या वेळी ते खाली जाऊन पंप लावायचे आणि गच्चीवरची टाकी भरायची. त्या दिवशी वेळ झाली तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत. किल्ली शर्टाच्या खिशात, हात गुडघ्यांवर.

"बॉल पेल्यात गेला की पंप लावणार," ते म्हणाले.

"काका, लोकांच्या आंघोळी असतील."

"असतीलच. म्हणून तर."

मला वाटलं चेष्टा करतायत. दोन बॉल चुकले. तेवढ्यात खालून बादल्यांचे आवाज यायला लागले. मग वरच्या मजल्यावरचे सावंत कमरेला टॉवेल आणि तोंडाला साबण अशा अवतारात जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांना परिस्थिती समजावून सांगण्यात आली. साहजिकच त्यांना वाटलं की इन्स्पेक्टरसाहेबांचं डोकं फिरलं. पण त्यांचंही लायसन्स काकांच्या हाताखालून गेलेलं होतं, त्यामुळे ते काकांना काही बोलले नाहीत. मला बोलले.

"ताई, घाला ना लवकर. डोळ्यात जातोय."

मी आणखी एक चुकवला. शेजारच्या तावडेकाकू हातात खरकटं पातेलं घेऊन दारात आल्या. खालच्या मजल्यावरून दोघं आले. कोणी म्हणालं काठी उलटी धरली आहे, कोणी म्हणालं पेला जवळ घ्या, तावडेकाकूंनी बॉलवरून मीठ-मोहरी उतरवायची तयारी दाखवली. सावंतांच्या तोंडावरचा साबण वाळून तडकायला लागला होता. मला काकांचा इतका राग आला होता की किल्ली खिशातून ओढून घ्यावी असं वाटत होतं.

"आरसा," काका म्हणाले.

"काय?"

"गाडी काढायच्या आधी आरशात बघतात ना? तसं मागे वळून बघ. सगळ्यांकडे बघ. चोरून नाय, नीट बघ. कोण कोण आहेत?"

मी वळून बघितलं. टॉवेलमधले सावंत, पातेलंवाल्या तावडेकाकू, जिन्यातली दोघं.

"बघितलंस? काय करतायत?"

"उभे आहेत."

"आणखी काय करतील?"

मी विचार केला. "काही नाही. उभेच राहतील."

"मग आता पुढे बघ. आरशात एकदा बघायचं. सारखं सारखं बघणारा माणूस पुढच्या गाडीला ठोकतो."

मी पुढे वळले, मारला आणि बॉल टुणकन पेल्यात गेला. सावंतांनी टाळी वाजवली, टॉवेल सुटता सुटता राहिला, आणि काका किल्ली घेऊन ताडताड जिना उतरले.

मी खोटं बोलणार नाही, त्या दिवशी मला खरोखर काहीतरी सापडलं. कोचचं तळं, श्वास, सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. मला आतापर्यंत वाटायचं की बघणारे नाहीतच असं समजायचं असतं. काकांनी सांगितलं, ते आहेतच, एकदा बघून घे आणि सोड.

यानंतर बिल्डिंगनेच मला वाटून घेतलं. संध्याकाळी मी पॅसेजमध्ये उभी राहिले की कोणी ना कोणी दाब द्यायला यायचं. कोणी कुकर लावून दार उघडं ठेवायचं. सावंत ऐन मारायच्या वेळी शिंकायचे, खोटं खोटं, पण फार मनापासून. काका सगळ्यांना हाताने थांबवून ठेवायचे आणि मी काठी मागे नेली की बोट हलवून सोडायचे. शेवटची परीक्षा तावडेकाकूंकडे होती. मी काठी मागे नेली आणि त्यांनी विचारलं, "काय गं, वय काय झालं तुझं? लग्नाचं काय बघतायत की नाही घरी?"

बॉल पेल्यात.

"मुलगा इंजिनिअर आहे, कांदिवलीला टू बीएचके," तावडेकाकूंनी दुसरा वार केला.

बॉल पेल्यात. काका उठून उभे राहिले. "याच्यापुढे दाब नाय," त्यांनी जाहीर केलं. "हिका आता कोण हरवूचा नाय."

गोल्फ डेला घरच्यांना आणायची मुभा होती. मी काकांना नेलं. काकू म्हणाल्या, "मी नाही येत, यांना बघत बसलेलं बघायला मला घरी पुरतं." काकांनी कडक इस्त्रीचा सफारी घातला होता आणि बूट असे चमकवले होते की त्यात तोंड दिसावं. मैदान पूर्व उपनगरातच होतं, पण आत शिरल्यावर मुलुंड-अंधेरीशी त्याचा काही संबंध वाटेना. इतकं हिरवं आणि इतकं गप्प. दारातच एकाने सांगितलं की असल्या बुटांनी हिरवळीवर येता येणार नाही. काकांनी बूट काढून नीट जोडीने झाडाखाली ठेवले आणि मोजे घालून चालायला लागले.

जेवणाआधी पटिंगची स्पर्धा होती, एकास एक, हरेल तो बाद. मी बिल्डर हरवले, आर्किटेक्ट हरवला, एका बँकेचे साहेब हरवले. दर वेळी आधी वळून सगळ्यांकडे एकदा नीट बघायचे आणि मग मारायचे. त्यातल्या दोघांना वाटलं मी त्यांना खुन्नस देतेय. दुसरीकडे समीर शेठजींशी खेळला आणि हरला. फार छान हरला. बॉल भोकाच्या अगदी कडेला नेऊन थांबवला, कपाळाला हात लावला, आणि "शेठजी, क्या टच है आपका," म्हणाला. मला त्याची दया आली. मला वाटलं, गेला बिचारा इंदूरला.

शेवटी उरलो शेठजी आणि मी. शेठजी गोल, हसरे, डोक्यावर पांढरी कॅप. त्यांचा बॉल भोकाजवळून निसटून पुढे गेला. माझा बॉल भोकापासून हातभर अंतरावर होता. तो गेला की मी जिंकले. हा असला बॉल मी सावंतांच्या शिंकेत, कुकरच्या शिट्टीत, लग्नाच्या चौकशीत घातलेला होता. मी वळून बघितलं, सगळे उभे होते, काही करत नव्हते. मी पुढे वळले.

तेवढ्यात हेड माझ्याजवळ आले. बॉल नीट दिसतो का ते बघायला आल्यासारखे वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "मिस कर दो."

"सर?"

"शेठजी को जीतने दो. तुमको क्या लगा, मूड कैसे अच्छा रहेगा?"

आणि ते हसत हसत मागे गेले.

मला तिथे उभ्याउभ्या सगळं कळलं. समीर का हरला ते कळलं, आणि कपाळाला हात लावायचा त्याने किती सराव केला असेल तेही कळलं. आम्ही दोघं, मी आणि काका, परीक्षा म्हटल्यावर ती द्यायची आणि नीट द्यायची एवढंच धरून चाललो होतो. हरायची पण परीक्षा असते हे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. राहायचं असेल तर हा बॉल चुकायला हवा होता.

मी काकांना शोधलं. ते डावीकडे नव्हते. ते लांब, बोगनवेलीच्या कुंपणाकडे तोंड करून मोजे घालून उभे होते, आणि त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. आयुष्यभर ज्या माणसाने पापणी न हलवता बघितलं, त्याला आज बघवत नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की इंदूरची भीती मला एकटीला नव्हती.

मग तर मी ठरवलंच की चुकवायचा. काय वाटेल ते झालं तरी चुकवायचा. भोकाच्या चांगला चार बोटं डावीकडे नेम धरला. आणि इथेच माझा जुना आजार उलटला. लोकांसमोर एखादी गोष्ट मनापासून करायची ठरवली की ती माझ्याकडून होत नाही, हे मी विसरले होते. काठी तिरकी लागली, बॉल भोकाकडेच वळला, कडेवर जरा रेंगाळला आणि आत पडला.

 मग लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. शेठजींचं हसू तोंडावर तसंच होतं, पण त्यातला शेठजी निघून गेला होता.

टाळ्या कानातल्या बोटांतूनही ऐकू गेल्या असाव्यात. काका वळले आणि मोज्यांनी हिरवळीवरून धावत आले. मला वाटलं माझ्याकडे येतायत. ते थेट शेठजींकडे गेले आणि त्यांनी शेठजींचा हात दोन्ही हातांत धरला.

"वाईट वाटून घेऊ नका," काका म्हणाले. "तुमचा हात चांगला आहे. तुमचा फक्त क्लच लवकर सुटतो."

"आप कौन?" शेठजींनी विचारलं.

"मी हिला तयार केली. तुम्ही पण या मुलुंडला. माझ्याकडे पॅसेज आहे."

हेडनी डोळे मिटून घेतले. बहुतेक त्यांना शांत तळं बघायचं असावं.

महिन्याच्या आत मला इंदूरचं पत्र मिळालं. शेठजींच्या टॉवरना दुसऱ्याच कोणाचे नळ लागले. काकांनी सबंध बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. "इतक्या स्थिर डोक्याची माणसं मुंबईत ठेवून कंपनीला परवडत नाही," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. "नवीन ठिकाणी अशीच माणसं लागतात." सावंतांनी माझं अभिनंदन केलं. तावडेकाकूंनी इंदूरला त्यांच्या नात्यातला एक मुलगा आहे असं सांगितलं. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते. काकूंनी पेढा खाल्ला नाही. माझ्या तोंडाकडे एकदा बघून त्या आत गेल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होते. काका आले आणि डावीकडे पलंगावर बसले. बॅगेची चेन अर्थातच अडकली.

"तो समीर," ते म्हणाले. "तो हरला होता ना?"

"हो."

"तो राहिला?"

"राहिला."

"आणि तू जिंकलीस, तर तू निघालीस." ते बराच वेळ चेनकडे बघत होते. "इतक्या परीक्षा घेतल्या गो मी. असली नाय बघितली."

मी चेन मागेपुढे ओढून बघितली.

"तुला आधी माहीत होतं?"

"मारायच्या आधी सांगितलं सरांनी. चुकव म्हणाले."

"मग चुकवायचा ना."

"चुकवतच होते काका. गेला आत."

काका हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "सगळां शिकवलंय," ते म्हणाले, "चुकवूक शिकवूचां रवलां." आणि ते उठून पॅसेजमध्ये गेले. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग पेला ठेवल्याचा. मी काठी घेऊन बाहेर गेले. काठी कंपनीची होती, उद्या परत द्यायची होती.

"मार," ते म्हणाले. "चुकव."

मी बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, बाकी कोणी नव्हतं. मी मारला आणि बॉल पेल्याच्या बाजूने सरळ भिंतीला जाऊन लागला. दुसरा मारला, तोही बाहेर. तिसरा तावडेकाकूंच्या उंबऱ्यावर जाऊन थांबला. काही कष्टच पडत नव्हते. पेल्याला एकही बॉल शिवला नाही.

काका हात गुडघ्यांवर ठेवून डावीकडे बसले होते, आणि या वेळी त्यांनी शेवटपर्यंत नजर हलवली नाही.

"जमलं," ते म्हणाले. "आता राहा."